कंपास प्लांट की कप प्लांट?

अमेरिकेत इलिनॉय-आयोवाकडे घरामागे प्रेअरीचं, म्हणजे तिथल्या गवताळ माळरानाचं उंच, पिवळ्या फुलांचं झाड लावायचं म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही सिल्फियम या एकाच वनस्पती-गटातली, पण स्वभाव अगदी वेगळे.

कप प्लांट उतावळ्यांसाठी. लवकर फुलतं, 6 ते 8 फूट वाढतं. समोरासमोरची पानं खोडाशी जुळून वाटी होते. तिच्यात साठलेलं पावसाचं पाणी पक्षी पितात. पण बी इतकं पडतं, की छोट्या बागेत दरवर्षी रोपं उपटत बसावं लागतं. मोठं अंगण आणि ओलसर जमीन असेल तरच याच्या वाटेला जा.

कंपास प्लांट फुलायला बरीच वर्षं घेतं. तोवर नुसती कातरलेली पानं, तीही कडा उत्तर-दक्षिण धरून उभी, म्हणजे भर दुपारचं ऊन कमी लागतं. सोटमूळ 15 फुटांपर्यंत खोल जातं, म्हणून पाऊस लांबला तरी तग धरतं. मात्र रुजलेलं झाड हलवता येत नाही, जागा आधीच ठरवा. आणि एकदा जमलं की दशकानुदशकं जगतं! माझं मत कंपासलाच.

बी मात्र दोन्हींचं हिवाळ्याआधी पेरा. ओल आणि थंडी मिळाल्याशिवाय ते नीट उगवत नाही.