हूड, सिम्युलेटर की धूसर होणारी काच?

जुलैत मुळशी-लोणावळ्यावरून उडालेल्यांना घाटातला ढग कसा येतो ते सांगायला नको. आधी डोंगराची कड पुसट होते, मग धरणाचं पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं दिसायला लागतं, आणि 'अजून दिसतंय' म्हणत आपण पुढे जातो. २ ऑक्टोबर २०२४ ला बावधनजवळ सकाळच्या धुक्यात हेलिकॉप्टर पडून तिघे गेले. तेव्हापासून, अचानक ढगात शिरल्यावर बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याच्या सरावासाठी काय घ्यावं, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं.

हूड किंवा फॉगल्स, म्हणजे बाहेरचं झाकून फक्त उपकरणं दिसू देणारी टोपी किंवा चष्मा, स्वस्त. उपकरणांवर नजर कशी फिरवायची हे मी त्यांच्यावरच शिकलो, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण एक गोष्ट कायम सलत राहिली. सायक्लिकवरचा, म्हणजे हेलिकॉप्टर कलवायच्या दांड्यावरचा, हात सोडता येत नाही. म्हणजे आधी कंट्रोल इन्स्ट्रक्टरकडे द्यायचा, हूड चढवायचा, मग कंट्रोल परत घ्यायचा. तोवर मन सावध, उंची-वेग ठरलेले. ढगात शिरतानाचा जो क्षण घातक, तोच सरावातून निसटतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना असंच आंधळं उडवलं, तर सरासरी १७८ सेकंदांत विमान हाताबाहेर गेलं. ती विमानं होती. हेलिकॉप्टर तर तेवढंही आपणहून स्थिर राहत नाही. त्यात पायाखालच्या काचेतून जमीन दिसते. मान जरा कलली की शेताचा बांध दिसतो, आणि बांध दिसला की क्षितिज कळतं.

सिम्युलेटरमध्ये धुकं हवं तेवढं दाट करता येतं, डोंगराला धडकलं तरी पुन्हा सुरुवात करता येते. निर्णय घ्यायचा सराव तिथेच करावा. आतल्या कानाची फसगत, म्हणजे कललेलं असूनही सरळ असल्यासारखं वाटणं, मात्र मला तिथे खऱ्या उड्डाणाइतकी जाणवली नाही.

तिसरा पर्याय स्मार्ट फिल्मच्या, म्हणजे विजेनं धूसर करता येणाऱ्या, डोळ्यांपुढे लावायच्या काचेचा. 'आयकरस' हे त्यातलं नाव, अमेरिकेतल्या एका माजी लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकानं केलेलं. काच आधीपासून डोळ्यांसमोर असते, इन्स्ट्रक्टर ती हळूहळू धूसर करतो. पहिल्यांदा वापरली तेव्हा मी बोलत होतो. काच धूसर होतेय हे ध्यानात येईपर्यंत हेलिकॉप्टर डावीकडे कललं होतं आणि वेग उतरला होता. हूडखाली माझं असं कधीच झालं नव्हतं.

नुसती चाचणी द्यायची असेल तर हूड पुरे, आणि किमतीचा विचार ज्यानं त्यानं करावा. पण पावसाळ्यात पुणे-जुहू करणार असाल, तर मी तरी काचच घेईन. फक्त ती कधी धूसर करणार हे इन्स्ट्रक्टरला आधी विचारू नका.