अभ्यासिका हवी आहे, निवेदन कोणाच्या नावे द्यायचं?

ठाण्यात अभ्यासिकेची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही. वन रूम किचनमध्ये एमपीएससीची तयारी करणारं पोर असलं की झालं. घोडं अडतं ते निवेदनावर कोणाचं नाव घालायचं इथे. बहुतेक मंडळी जिथे ओळख आहे तिथे जातात. त्याआधी खर्चाचे दोन तुकडे करावेत असं माझं मत आहे.

इमारत बांधणं हा भांडवली खर्च, एकदाच होणारा. ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, सफाई हा महसुली, दरवर्षी लागणारा. राज्याच्या अर्थसंकल्पात ही वाटणी लेखाशीर्षाच्या (प्रत्येक खर्चाला दिलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या) पहिल्या आकड्यावरूनच कळते: 2 किंवा 3 असेल तर महसुली, 4 किंवा 5 असेल तर भांडवली. आरोग्याचा चालू खर्च 2210 खाली, बांधकाम 4210 खाली. केंद्राने 2017-18 पासून योजना आणि योजनेतर हा भेद मोडीत काढला. महाराष्ट्रात आता कार्यक्रम खर्च (योजनांवरचा) आणि अनिवार्य खर्च (टाळता न येणारा) म्हणतात. नावं बदलली, पगार मात्र अनिवार्यातच राहिले.

खासदार निधी 1993 पासूनचा, पैसा केंद्राचा, वर्षाला 5 कोटी. ऐकायला मोठा, पण ठाणे लोकसभा मतदारसंघ मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत सहा विधानसभांचा. (कळवा-मुंब्र्याच्या लोकांनी इथे थांबावं: महापालिका ठाण्याची असली तरी तुमचा खासदार कल्याणचा.) खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हा यंत्रणेची. पैसा मिळतो तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी, पगारासाठी नाही, आणि पुढची देखभाल कोण करणार याची हमी आधीच द्यावी लागते. आमदार निधी राज्याचा, पण वळण तेच. फरक इतकाच की वाटेकरी कमी, म्हणून एका इमारतीसाठी मी आधी आमदारांकडे जाईन.

तिसरा रस्ता जिल्ह्याचा विकासनिधी वाटणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचा; तिचे अध्यक्ष पालकमंत्री. तिथला पैसा ठरलेल्या योजनांत बसवावा लागतो आणि 31 मार्चच्या आत खर्च करण्याची टांगती तलवार असते. एका प्रभागाच्या अभ्यासिकेसाठी हा रस्ता लांबचा.

उरली महापालिका. पाचपाखाडीच्या मुख्यालयातली फाईल सावकाश चालते, हे मान्य. पण दोन्ही प्रकारचा खर्च एकाच अंदाजपत्रकात बसू शकतो तो इथेच. अडचण अशी की महसुली बाजूवर पगार, परिवहन, पाणी, कचरा आणि कळव्याचं रुग्णालय यांचा भार आधीच आहे. म्हणून नवी इमारत मागितली की मान डोलावली जाते आणि नवा ग्रंथपाल मागितला की शांतता पसरते. उद्घाटनाची पाटी पगारावर लागत नाही ना!

पालिकेच्या शाळेत संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या खोल्या असतील, तर आमदार-खासदारांना त्रासच देऊ नका. थेट पालिकेकडे चालू खर्च मागा. खोली नसेल, तर इमारत आमदार निधीतून आणि देखभालीची तरतूद पालिकेकडून, असं जोडकाम करा. त्यातही पालिकेचं लेखी पत्र आधी घ्या, निवेदन नंतर. नवी मुंबईकरांनी भूखंड अजून सिडकोकडे (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे) आहे की महापालिकेकडे आला, हे सर्वांत आधी विचारावं. अंदाजपत्रक मार्चच्या आत ठरतं, त्यामुळे अर्ज दिवाळीच्या सुमारास पोचलेला बरा.