बॉस जीटी-१ इंटरफेस म्हणून वापरायलोय, कसं चालतंय ते सांगतो

घरी गिटार रेकॉर्ड करायची म्हणलं की जो तो पहिलं हेच सांगतो, इंटरफेस घे, म्हणजे गिटारचा आवाज कॉम्प्युटरात पोचवणारं यंत्र. पण ज्याच्या घरात यूएसबीवाला गिटार प्रोसेसर (गिटारला इफेक्ट देणारा डबा) आधीच पडून आहे त्यानं उगं घाई करू नये, कारण बऱ्याच प्रोसेसरमधी इंटरफेस आतच असतोय आणि आपण ते मागचं भोक फक्त पॅच, म्हणजे तयार आवाजाच्या सेटिंग, टाकायसाठी दिलंय असं समजून सोडून देतो. माझ्याकडं बॉस कंपनीचा जीटी-१ प्रोसेसर आहे, लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्रात वाजवायला घेतलेला, आता परभणीत घरी बसून सगळं रेकॉर्डिंग त्याच्यावरच करायलोय.

जोडायचं काही अवघड नाही. मागं चौकोनी यूएसबी आहे, प्रिंटरला लागती तीच केबल, ती मोबाईलच्या दुकानात विचारत बसू नका, कॉम्प्युटरवाल्याकडं लगेच मिळती. बॉसच्या साईटवरून ड्रायव्हर टाकायचा, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधी डिव्हाईस आसिओ (ऑडिओ ड्रायव्हरचा प्रकार) करून तिथं जीटी-१ निवडायचा, झालं. सगळं ४४.१ किलोहर्ट्झवर चालतं, म्हणून प्रोजेक्ट पण ४४.१ लाच ठेवा, ४८ वर ठेवून मग आवाज का येईना म्हणून डोकं खाजवू नका. आणि एक गंमत, याला पॉवरचं बटनच नाही, इनपुटला गिटारची पिन घातली की चालू, काढली की बंद. म्हणजे गाणं मिक्स करताना गिटार बाजूला ठेवली तरी पिन तशीच राहू द्यायची, नाहीतर इंटरफेसच गायब होतो आणि रीपर बोंबलायला लागतं.

आता खरा फायदा. अँप, डिस्टॉर्शन, डिले सगळं डब्यातच होतंय, लॅपटॉपला फक्त तयार आवाज लिहून घ्यायचाय. आपल्याकडं बहुतेकांचे लॅपटॉप जुने, त्याच्यावर अँपचा प्लगिन (रीपरमधी चालणारं अँपचं सॉफ्टवेअर) टाकला की फॅन भुंगायला लागतो, बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेतो तो, १२८ सॅम्पलवर ठेवला तर आवाज तुटतो आणि ५१२ केला की नुसत्या बफरचाच जवळपास १२ मिलिसेकंद उशीर, जाताना वेगळा आणि येताना वेगळा, मग फास्ट काही वाजवायचं म्हणलं की हात अडखळतो. इथं ती भानगडच नाही, आपला आवाज हेडफोनमधी थेट डब्यातून येतोय, लॅपटॉपला फिरून येत नाही. फक्त रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे वाजवताना लॅपटॉपमधून परत ऐकू येणारा आवाज, बंद करा. दोन्ही चालू राहिलं की एक आवाज आत्ताचा आणि एक जरा मागून येणारा असे दोन मिसळतात, आणि आपण कोरसचा इफेक्ट न लावता कोरस लावल्यासारखं वाटतं. लई जण इथंच म्हणतात प्रोसेसर खराब आहे. खराब काही नसतंय.

दुसरं म्हणजे डब्याच्या मेनूतलं आऊटपुट सिलेक्ट. स्टेजवर अँपला लावायचा तर तिथं अँपचा टाईप असतो, रेकॉर्डिंगला ते लाइन/फोन्सवरच पाहिजे, तेव्हाच स्पीकर कॅबिनेटचा आवाज धरला जातो. नाहीतर डिस्टॉर्शन असं येतं की पत्र्यावर वाळू टाकल्यासारखं. लेव्हल पण जपून, डब्याच्या मेनूत यूएसबीची लेव्हल वेगळी आहे, रीपरच्या मीटरवर मोठ्यात मोठा स्ट्रोक मारला तरी -६ डीबीच्या खालीच राहिला पाहिजे. एकदा क्लिप झालेला (लेव्हल जास्त होऊन फाटलेला) टेक नंतर नीट करू म्हणलं तर बनी तो बनी, नहीं तो परभणी.

आता हमचं, म्हणजे मागं येणाऱ्या घूं आवाजाचं, बघू, कारण आपल्या भागात खरा त्रास तोच आहे. चार्जर लावला की घूंऽऽ चालू. आमच्याकडं जुनी वायरिंग, अर्थिंग नावाला, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी पाणी टाकत नाही, त्यात लॅपटॉपचा चार्जर आणि प्रोसेसरचा अडॅप्टर एकाच बोर्डात. गिटारच्या तारांना हात लावला की हम कमी होतो, हात काढला की परत येतो, म्हणजे दोष डब्याचा नाही हे तिथंच कळतं. यावर माझा इलाज सोपा आहे, चार्जर काढून टाकायचा आणि जीटी-१ पेन्सिल सेलवर चालवायचा. चार सेल लागतात, अल्कलाइन सेलवर कंपनी साधारण ७ तास सांगते, साधे स्वस्तातले सेल टाकू नका, लवकर बसतात. यूएसबीवरून याला करंट मिळत नाही हे पण ध्यानात ठेवा. असं केलं की हम जवळपास गेला, आणि भर टेकमधी लाईट गेली तरी काही फरक पडत नाही, पंखा बंद पडतो तेवढाच. उलट पंख्याचा आवाज नसल्यामुळं अकूस्टिक पण त्याच वेळी वाजवून घेतो. मे महिन्यात मात्र तेवढा घाम सहन करायची तयारी पाहिजे.

कमी काय आहे? यूएसबीवर दोनच चॅनल आहेत, म्हणजे इफेक्टवाला आवाज आणि कोरा आवाज एकाच वेळी वेगळा नाही घेता येत. आज रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) जास्त झाला तर तो टेकमधी छापला गेला, नंतर काढता येत नाही. म्हणून मी रिव्हर्ब-डिले कमी ठेवून वाजवतो आणि नंतर रीपरमधी लावतो. लाइन ६ चे पॉड गो, एचएक्स स्टॉम्प यांच्यात कोरा सिग्नल वेगळ्या चॅनलवर मिळतो, पण त्यांची किंमत बघून मी पेज बंद केलं.

माझे मार्क गिटारला दहापैकी आठ, बासला पण तेवढेच. गाण्याला शून्य. माईकची एक्सएलआर पिन घालायला जागा नाही, कंडेन्सर माईकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम करंट नाही, कंडेन्सर माईक लावायचा विषयच नाही. आमच्या चुलतभावाला अभंग रेकॉर्ड करायचेत, त्याच्यासाठी फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा, एक माईक आणि एक गिटार घेणारा इंटरफेस लागणारच. तो घ्यायचा हे दोघांना पण मान्य आहे, पैसे कोणी भरायचे यावर अजून बोलणी चालूच आहेत.