मोलेजवळचे पक्षी-लपण : राज्यपक्षी पाहायला जाणाऱ्यांसाठी

गोव्याचा राज्यपक्षी असलेला लाल गळ्याचा पिवळा बुलबुल जगात केवळ पश्चिम घाटात आढळतो, तोही प्रामुख्याने गोव्यापासून दक्षिणेकडच्या सदाहरित रानांत. साहजिकच गोव्यातल्या मोले येथील भगवान महावीर अभयारण्याच्या आसपास पक्षी दाखवणाऱ्या सेवा आहेत. त्यांपैकी एका घरगुती निवासाची मुक्काम, वाटाड्या आणि लपण (पक्ष्यांना न दिसता त्यांना पाहण्यासाठी उभारलेला आडोसा) अशी एकत्रित सेवा मी मार्चमध्ये घेतली.

यातला वाटाड्या लपणापेक्षा कितीतरी सरस निघाला. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्यास त्याने साफ नकार दिला आणि ते योग्यच होते, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी या बुलबुलांची वीण सुरू झालेली असते. त्याऐवजी फळांवर आलेला एक चांदाडा त्याने आधीच हेरून ठेवला होता आणि तिथे, झाडापासून पुरेसे अंतर राखून, आम्हाला थांबवले. जोडी आली. शेंडी नसलेले काळे कुळकुळीत डोके, त्यात उठून दिसणारे पांढुरके बुबुळ आणि पोटाला पिवळाधमक रंग, एवढे लगेच दिसले. गळ्याचा लाल पट्टा मात्र एका पक्ष्याने फळ तोडून, मान मागे टाकून ते गिळले तेव्हाच पुरता नजरेत भरला. शिपाई बुलबुलाच्या ऐटदार शेंडीची सवय असलेल्यांना हा पक्षी पहिल्यांदा चटकन ओळखू येत नाही.

लपण सर्वस्वी छायाचित्रकारांसाठी बांधलेले आहे. हिरव्या जाळीतल्या फटी लेन्सच्या उंचीवर असल्याने नुसती दुर्बीण घेऊन येणाऱ्याला मान वाकवून बसावे लागते, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिथली बुटकी स्टुले म्हणजे शिक्षाच आहे. पाणवठ्याजवळच्या शेवाळलेल्या फांदीवर पपईच्या फोडी खोचून ठेवलेल्या असतात. त्यामुळे छायाचित्रे देखणी येतात, परंतु रानातली फळे सोडून आयत्या फोडींवर येणारा पक्षी पाहण्यासाठी एवढे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

खोली स्वच्छ होती आणि जेवण चांगले होते. सकाळचा चहा मात्र निघण्यापूर्वी हवा असल्यास आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. लपण वगळून केवळ मुक्काम आणि वाटाड्या असा दर येथे फलकावर नसला तरी विचारल्यास मिळतो. छायाचित्रणाचा हेतू नसेल तर तोच घ्यावा, आणि पावसाळ्यात जाणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे न्यावेत.