अ‍ॅमिट्रिप्टिलिन: आठ महिने घेतल्यानंतर

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गेल्या दिवाळीआधी, ऐन हंगामात, कापडाला कात्री लावायचा धीरच होईना. गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाउज तसेच पडून. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर धोंडा. आधी नैराश्यावरची एस्सिटालोप्राम ही गोळी दोन महिने नियमाने घेतली, फरक पडला नाही. मग डॉक्टरांनी ईसीजी काढायला लावला आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरचीच जुनी गोळी सुरू केली. रात्री २५ मिलिग्रॅम, पुढे टप्प्याटप्प्याने ७५.

जुनी म्हणजे खरंच जुनी, अमेरिकेत १९६१ पासून आहे. तिच्या घराण्यातली पहिली इमिप्रामिन. स्वित्झर्लंडमध्ये रोलान्ड कून या मनोविकारतज्ज्ञांनी ती आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिली. तिथे उपयोग झाला नाही, पण नैराश्याचे रुग्ण सावरले, आणि १९५७ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. रेणूत तीन कड्या जोडलेल्या असतात, म्हणून ट्रायसायक्लिक.

मेंदूतली पेशी निरोप पोचवणारी रसायनं, म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडते आणि मग स्वतःच परत ओढून घेते. गोळी ते परत ओढणं अडवते. पण ती एवढ्यावर थांबत नाही, शरीरातली आणखी रसायनंही अडवते. हिस्टामिनला अडवते, म्हणून झोप येते आणि भूक वाढते. अ‍ॅसिटिलकोलिनला अडवते, म्हणून तोंड कोरडं, पोट जड, जवळचं धूसर. आणि हे सगळं पहिल्याच दिवसांत येतं. मन हलायला मात्र कित्येक आठवडे लागतात. ही मधली वाट फार कठीण आहे, आणि बरेचजण इथेच गोळी सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या बाबतीत भाकरीचा घास भुशासारखा तोंडात फिरायचा. उशाशी तांब्या, रात्री इसबगोल. सगळ्यात जीवावर आलं ते सुईत दोरा ओवणं. दोरा ओठात धरून ओला करावा तर ओठच कोरडे, आणि सुईचं भोक एकाची दोन दिसायची. एका संध्याकाळी एका हूकसाठी अर्धा तास गेला, मी रडले. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस वाढवायचा वेग कमी केला. पुढे नजर निवळली, तोंडाचा कोरडेपणा थोडा अजून आहे. वजन चार किलो वाढलं.

झोप पहिल्या आठवड्यातच लागली. बाकीचं पाचव्या आठवड्यात, तेही माझ्या लक्षात आलं नाही. सुनेने विचारलं, “आई, आज तिन्ही ब्लाउज कापलेत का?” बघते तर कापलेले होते.

चौथ्या महिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, झोपेची गोळी आहे, सवय लागेल. मी एकदम बंद केली. मळमळ, घाम, रात्रभर भयानक स्वप्नं. डॉक्टरांनी समजावलं, ही व्यसनाची गोळी नव्हे, पण शरीराला ती हळूहळूच सोडवावी लागते. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ही गोळी जास्त पोटात गेली तर हृदयाची लय बिघडते, जीव जाऊ शकतो. माझी नात रांगते आहे. डबा कपाटात, कुलूप लावून, किल्ली मुलाकडे. रात्री तोच एक दिवसाची गोळी काढून हातावर ठेवतो.