मुरमाड रानात काय लावायचं: सुबाभूळ, गिरिपुष्प, बोर की बांबू?

नगर, बीड, सोलापूर पट्ट्यात बऱ्याच जणांकडे दोन-तीन एकर असं रान पडून असतं की वरची माती वाहून गेलीय, खाली नुसता मुरूम, आणि बाजरी पेरली तरी बियाण्याचा पैसा निघायची मारामार. तिथं झाडं लावा असं सगळेच सांगतात, पण कुठलं लावायचं ते तुम्हाला आधी काय पाहिजे त्यावर ठरतं.

शेळ्या असतील आणि चाराच पाहिजे असेल तर सुबाभळीसारखं भराभर वाढणारं झाड क्वचितच, छाटली की परत फुटते आणि पाल्यात प्रोटीन भरपूर. पण पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यामुळे नुसती सुबाभूळच खाऊ घालू नका, कडब्यात मिसळून एक तृतीयांशाच्या आतच ठेवा. दुसरं म्हणजे शेंगा वाळून बी पडलं की रोपं सगळ्या रानात उगवतात आणि ती उपटता उपटता जीव जातो, म्हणून फुलावर येतानाच छाटायची. वेळेवर छाटणी होणार नसेल तर लावूच नका.

गिरिपुष्पाला (ग्लिरिसिडियाला) मोकाट जनावरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणजे कुंपण नसलं तरी बांधावर टिकतं. सुबाभळीसारखं हेही हवेतला नत्र धरणारंच झाड आणि पाला मातीत लवकर कुजतो. वर्षातून दोन-तीनदा छाटून तो पाला पिकात टाकायचा. पैसा हातात येत नाही हे खरंय, पण रान सुधारायचं तर माझं पहिलं मत यालाच. फांदी खोचूनही येतं, तरी कोरडवाहूला बियांची रोपं बरी, मुळं खोल जातात.

बोराचं गणित वेगळं. ऐन उन्हाळ्यात पानं गाळून बसतं, पाण्यासाठी अडून बसत नाही, आणि फळं थंडीत विकायला येतात. गावठी बोराचं बी जागेवरच लावा आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरा, म्हणजे कलम करा, पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ वळतं आणि मग ते मुरमात खाली घुसत नाही. एप्रिलमध्ये दरवर्षी छाटणी मात्र पाहिजेच, कारण फळ नव्या फुटीवर लागतं. काटे आहेत, तोडणीला मजूर कुरकुरतात.

बांबूबद्दल सध्या फार बोललं जातं. २०१७ साली वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, म्हणजे तोडायच्या परवानगीची कटकट गेली, हे चांगलंच झालं, पण पहिली तोड चार-पाच वर्षांनी, आणि बेटाशेजारचं पीक दबतं. ओढ्याकाठी मानवेल जातीचा बांबू लावा, उघड्या माळावर नको.

मी असंच रान घेतलं तर बांधावर गिरिपुष्प, मधे लांब अंतरावर बोर, बोराच्या ओळींत मटकी-हुलगा, आणि शेळ्या असल्या तरच एका कडेला सुबाभळीची एक ओळ. खड्डे मे महिन्यातच उघडे करून तापू द्या, लागण चांगला पाऊस झाल्यावर, आणि पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक-एक हंडा पाणी घालायला माणूस आहे का ते रोपं आणायच्या आधी घरात बसून ठरवा.