बार्देशातलं चिनी झाडपाल्याचं दुकान आणि माझ्या गालातला चट्टा

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. गोव्यात, बार्देश तालुक्यात, किनाऱ्याच्या बाजूला, एका जुन्या घराच्या बाल्कांवाला (दारापुढच्या बैठकीच्या ओट्याला) लागून आहे, एवढं पुरे. माझी तक्रार आहे, पण नाव घेऊन चव्हाट्यावर आणण्याएवढी ती मोठी नाही.

मी सावई-वेऱ्याचा. वय 58. घरचं कुळागर आहे: पोफळी, माड, मिरवेली, थोडी केळी. सुपारी विकत घेऊन खाणाऱ्यांतला मी नव्हे, खिशात घरचीच असायची. सकाळी डोळे उघडले की आडकित्ता, रात्री झोपताना आडकित्ता. तंबाखूला मात्र कधी हात लावला नाही, त्यामुळे आपल्याला काय होतंय अशी एक मिजास होती. चवथीनंतर दाढ दुखली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तर त्याने दाढ सोडून डाव्या गालाच्या आतच टॉर्च धरला. तिथे पांढरा चट्टा होता. गॉझने पुसून पाहिला, जाईना. मडगावच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, तुकडा काढला, रिपोर्ट आला: ल्युकोप्लाकिया, सौम्य डिस्प्लेसिया. म्हणजे पेशींनी शिस्त सोडायला सुरुवात केली आहे, पण अजून पुंडाई नाही.

डॉक्टर म्हणाले, "हा कर्करोग नव्हे. पुढे होईलच असंही नाही. पण होऊ शकतो. सुपारी आजपासून बंद. तीन महिन्यांनी या."

"आणि मधे औषध?"

"औषध नाही. लक्ष ठेवायचं."

सगळी गोम इथेच आहे. माणसाच्या तोंडात कर्करोगाचा उंबरठा आहे असं सांगायचं आणि वर म्हणायचं, तीन महिने नुसते बसा. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. हे मला नंतर वाचून कळलं. 2016 साली कोक्रेनवाल्यांनी (ही वैद्यकीय पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) या चट्ट्यांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले, जीवनसत्त्व अ, कॅरोटीन, वनस्पतींचे अर्क, सगळे. चट्टा काही औषधांनी लहान होतो, पण त्याने पुढचा कर्करोग टळतो असा पुरावा एकाचाही निघाला नाही. पण हे कळायच्या आधीचे ते दिवस मी आरशासमोर तोंड वासून काढले. बायको म्हणायची, "पुरे आता, तोंडात माशी जाईल."

मग पर्वरीच्या भाचीने हे दुकान सांगितलं. मानेसाठी ती तिथे सुया टोचून घेते. "मामा, एकदा दाखव तरी. ती बाई चीनमध्ये शिकून आलीय." रविवारी गाडीत घालून घेऊनच गेली.

आत गेल्यावर पहिली नजर जाते ती भिंतीवरच्या कपाटाकडे. जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान लाकडी खण, प्रत्येकावर चिनी अक्षरं आणि खाली पेन्सिलीने लॅटिन नाव. वास म्हणाल तर म्हापशाच्या काष्ठौषधीवाल्याकडे येतो तसाच, फक्त त्यात संत्र्याच्या सुक्या सालीची एक झाक. बाई पुण्याची, मराठी स्वच्छ, चार वर्षं चेंगदूला होती. आधी जीभ पाहिली, खालून-वरून, कडा सुद्धा. मग दोन्ही मनगटांवर तीन बोटं ठेवून नाडी. आपल्या वैद्यांचीही तीन बोटं, पण ते वात-पित्त-कफ मोजतात. ही एकेका बोटाखाली वेगळा अवयव ऐकते. झोप, शौच, घाम, रात्री तोंड कोरडं पडतं का, राग येतो का, सगळं विचारलं. सव्वा तास. बायोप्सीचा रिपोर्ट आधी वाचला, हे मुद्दाम सांगतो. "हा रिपोर्ट नसता तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं," असं म्हणाली. इथे तिला पैकीच्या पैकी.

तिचं म्हणणं असं की चिनी वैद्यकाचा पायाच रोग उभा राहण्याआधी उपचार करणं हा आहे. त्यांच्या दोन हजार वर्षं जुन्या मूळ ग्रंथात लिहिलंय म्हणे: रोग झाल्यावर औषध देणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मी तिला म्हटलं, ही तर आमची म्हण. ती हसली. (नंतर मी खात्री केली. खरंच तसं आहे, विहिरीसकट. शेजारी लढाई सुरू झाल्यावर हत्यारं घडवणाराही आहे.) माझ्या चट्ट्याला तिने नाव दिलं साचलेलं रक्त आणि ओलसर उष्णता. ते मला नीटसं कळलं नाही, पण ऐकताना बरं वाटलं. नुसतं "लक्ष ठेवा" यापेक्षा नक्कीच बरं.

मग एक गंमत झाली. मला कपाटाची उत्सुकता, म्हणून तिने चार-पाच खण उघडून दाखवले. एकात पातळ चकत्या, तपकिरी, आत पांढऱ्या रेषांची नक्षी. मी पाहताक्षणी ओळखलं. जन्म गेला त्यात.

"ही सुपारी!"

"हो, बिंगलांग. जंतांवर देतात, पोट फुगलं तरी."

मी खणाकडे पाहत राहिलो. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीला, कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. माझा चट्टा तिचाच. आणि इथे ती औषधाच्या खणात, सुंदर अक्षरांच्या चिठ्ठीखाली. बाई वरमली नाही, "तुम्हाला नाही देणार," एवढंच म्हणाली. पण माझ्या डोक्यात त्याच वेळी एक गोष्ट बसली: झाडाची आहे म्हणून वस्तू निरुपद्रवी होत नाही. कुळागरवाल्याला हे कुणी शिकवायला नको होतं खरं तर.

तपासणीचे 1,500, सात दिवसांच्या पुड्यांचे 2,100. मी दोन आठवड्यांच्या घेतल्या. रोख, यूपीआय चालत नाही. पुड्या तिथेच बांधून देते, लहान तराजूवर तोलून, तपकिरी कागदात. बीपीची गोळी चालू आहे का हे तिने स्वतःहून विचारलं आणि हो म्हटल्यावर यादीतलं जेष्ठमध काढून टाकलं. जेष्ठमध जास्त दिवस घेतलं की रक्तदाब चढतो, हे आपल्याकडे घशासाठी ते चघळणाऱ्या किती जणांना माहीत असतं? त्याबद्दलही तिला मानलं.

काढ्याची रीत: लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, मातीचं किंवा स्टीलचं चालेल. पुडी अर्धा तास भिजवायची, उकळायची, गाळायची, त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा उकळायची, दोन्ही एकत्र करून दोन वेळा प्यायचं. चव? लहानपणी आवय तापात किराईताचा काढा नाक दाबून पाजायची, त्याचा हा थोरला भाऊ. वर एक मातकट गोडी, ती जास्त त्रास देते. बायकोने दोन दिवस सहन केलं आणि मग शेगडी मागच्या पडवीत हलवली.

नवव्या दिवशीची गोष्ट. दिवाळी झाली होती, तुळशीचं लग्न तोंडावर, बाजारात कारांदे (उकडून खायचे कंद) आले होते. बायकोने उकडायला काढले होते. मी शेजारी बसून दुसऱ्या दिवसासाठी दहावी पुडी सोडली. पुडीत एक चकती होती, आत पिवळट, कडेला काळपट साल आणि सालीवर बारीक ठिपके, मुळं तुटल्याच्या खुणा. टोपलीतला कारांदा उचलून शेजारी धरला. तीच साल. तेच ठिपके.

बायको म्हणाली, "अरे, हा कडू कारांदा की काय?"

आमच्याकडे कारांदा खाणाऱ्याला कडू-गोडाचा फरक शिकवावा लागत नाही. कडू असला तर चुलीची राख घालून उकडायचा, पाणी फेकायचं, तरीही पोराबाळांना द्यायचा नाही. आणि इथे तो मी पाण्यासकट पीत होतो, कारण पाणी हेच औषध.

बाईला फोन लावला. तिने लपवलं नाही. "हो, हुआंग याओ झ. डायोस्कोरिया बल्बिफेरा. गाठी विरघळवायला वापरतात." तोंडाच्या चट्ट्यांवर चीनमध्ये झेंग शेंग पिंग नावाच्या गोळ्या दिल्या जातात, सहा वनस्पतींच्या, त्यातली ही एक, असंही सांगितलं. ते खरं आहे. त्या गोळ्यांनी चट्टे लहान झाल्याच्या नोंदी आहेत. पण याच कंदाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही चिनी डॉक्टरांनीच केलेल्या आहेत, आणि त्या काही दडवून ठेवलेल्या नाहीत. मी विचारलं, "मग मला यकृताची तपासणी आधी का नाही सांगितली?" तिकडून थोडा वेळ आवाज नाही. मग, "मात्रा कमी होती, काका."

ही माझी तक्रार. एवढीच.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला आमच्या डॉक्टरकडे रक्त दिलं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की चढणारा आकडा, 68. थोडा वाढलेला. डॉक्टरांनी पुडी हुंगली, तोंड वाकडं केलं आणि काढा बंद करायला लावला. तीन आठवड्यांनी 31. काढ्यानेच वाढला होता का? शपथेवर सांगता येणार नाही, कारण काढा सुरू करण्याआधीचा आकडा माझ्याकडे नाही. तोच तर मुद्दा आहे. ज्याला नऊ दिवसांत काही झालं नाही तो नव्वद दिवस पितो, आणि त्याच्याकडेही आधीचा आकडा नसतो.

त्या दिवसांत मी बरंच वाचलं. त्यातली ब्रुसेल्सची हकिगत डोक्यातून जात नाही. 1990 च्या सुमारास तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. एका वनस्पतीच्या जागी दुसरीच आली, नावं सारखी असल्यामुळे. आलेली होती ॲरिस्टोलोकिया, आपल्या ईश्वरीच्या कुळातली. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं गेली आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. म्हणजे झाडपाला कर्करोग अडवू शकतो की नाही यावर वाद घाला, पण तो कर्करोग करू शकतो यावर वाद उरलेला नाही. दुसरी बाजूही आहे. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन चिनी दवण्याच्या जातीतूनच आलं, त्यासाठी तू योयो या चिनी शास्त्रज्ञ बाईंना 2015 चं नोबेल मिळालं. पण त्यांनी पुडी बांधून दिली नव्हती. त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, मोजलं, माणसांवर तपासलं.

मी उरलेल्या पुड्या परत घेऊन गेलो. बाईने हुज्जत घातली नाही, न फोडलेल्या चारही पुड्यांचे पैसे परत दिले, चहा दिला (साधा, आपला). आता नवीन माणसाला आधी यकृताची तपासणी सांगते, असं म्हणाली. सांगते की नाही हे तुम्ही गेलात तर बघा. आणि गेलात तर एवढं करा: पुडीत काय काय आहे ते लॅटिन नावासकट लिहून मागा. ती देते, मागितलं तर. तुम्ही रक्त पातळ करण्याची गोळी घेत असाल तर ते आधी सांगा, कारण दानशेन नावाचं मूळ तिच्या बहुतेक पुड्यांत असतं आणि ते वॉरफरिनशी भांडतं. काढा चालू असल्याचं आपल्या डॉक्टरला सांगा, तो रागावला तरी. आणि बायोप्सीची, तपासणीची तारीख काढ्यापायी पुढे ढकलू नका. आमच्या गावच्या एकाने ढकलली होती, वेगळ्या कुणाच्या तरी औषधापायी, आणि तो विषय मी इथे वाढवत नाही.

तीन महिन्यांनी मडगावला गेलो. चट्टा फिका पडलाय, आकारानेही उतरलाय. डॉक्टर म्हणाले, सुपारी सोडलीत त्याचं फळ, काहींचे असे आपसूक जातात. बाईला कळवलं तर तिचा निरोप आला की नऊ दिवसांतही रक्त हलायला लागतं. बायकोने म्हार्दोळच्या म्हाळसेला ओटी भरली आणि दोघांनाही मोडीत काढलं. पुढची तारीख पुन्हा तीन महिन्यांनी.

पाचपैकी तीन तारे. ऐकून घेण्याला पाच, रिपोर्ट आधी वाचण्याला पाच, पुडीला दोन. दुकान दुपारी दीड ते चार बंद, सोमवारी पूर्ण बंद. गाडी चॅपेलाकडे लावा, दुकानासमोरची गल्ली अरुंद आहे आणि समोरच्या घरातली म्हातारी ओरडते. सुयांबद्दल मला अजून काही सांगता येणार नाही. भाचीची मान खरंच सुटलीय, आणि माझा उजवा गुडघा पोफळीखाली उकिडवं बसून बसून गेलाय, तेव्हा येत्या मंगळवारी त्याच्यासाठी जाणार आहे.